लसणातलं अ‍ॅलिइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लसणाबद्दल लिहिणारे बहुतेक वाचक त्याच्या उग्र दर्पाच्या पदार्थाबद्दल, म्हणजे अ‍ॅलिसिनबद्दल विचारतात. किती असतं, उकळल्यावर राहतं का, गोळीतून मिळतं का? या सगळ्याची उत्तरं त्याच्या आधीच्या पदार्थापाशी, म्हणजे अ‍ॅलिइनपाशी सुरू होतात. नावं कानाला सारखीच लागतात, पदार्थ मात्र पूर्ण वेगळे आहेत, आणि येणाऱ्या प्रश्नांतला अर्धाअधिक गोंधळ या दोघांच्या सरमिसळीतूनच होतो. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी गरज असेल तिथे आधीच्या किंवा पुढच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅलिइन म्हणजे नेमकं काय?

लसणाच्या पाकळीत साठवलेलं, गंधक असलेलं एक अमिनो आम्ल. सिस्टीन हे आपल्या सगळ्यांच्या शरीरात असणारं अमिनो आम्ल घ्या. त्याच्या गंधकाला तीन कार्बनची ‘अलिल’ नावाची शेपटी जोडा आणि त्याच गंधकावर ऑक्सिजनचा एक अणू बसवा, की अ‍ॅलिइन झालं. रसायनशास्त्रातलं त्याचं नाव एस-अलिल-एल-सिस्टीन सल्फॉक्साइड. एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ११, ऑक्सिजनचे ३ आणि नायट्रोजन व गंधकाचा प्रत्येकी १ अणू असतो. रेणुभार सुमारे १७७. ‘अलिल’ हा शब्दही लसणातूनच आला आहे. १८४४ मध्ये थिओडोर व्हेर्टहाइम यांनी लसणाच्या तेलाचा अभ्यास करताना लसणाच्या ‘अ‍ॅलियम’ या लॅटिन नावावरून तो घडवला.

शुद्ध अ‍ॅलिइन म्हणजे पांढरे स्फटिक. पाण्यात ते सहज विरघळतात. मी त्याची कुपी पहिल्यांदा उघडली तेव्हा उग्र दर्प येणार म्हणून नकळत श्वास रोखून धरला होता. मग कुपी अगदी नाकाशी नेली. काहीही वास नव्हता. लसणाचा सगळा दरारा ज्याच्यापासून सुरू होतो, तो पदार्थ स्वतः निर्गंध आहे.

२. अमिनो आम्ल आहे म्हणता, मग ते प्रथिनांत असतं का? आहारात त्याची गरज आहे का?

दोन्हींचं उत्तर नाही. प्रथिनं ज्या ठरावीक अमिनो आम्लांची बनतात त्यांत अ‍ॅलिइन नाही. लसणाच्या पेशीत ते सुटं, विरघळलेलं असतं. ते न मिळाल्याने शरीरात कशाचीही कमतरता होत नाही. वनस्पतींमध्ये अशी प्रथिनांबाहेरची अमिनो आम्लं शेकड्यांनी आहेत आणि त्यांतली बरीच संरक्षणाच्या कामाची असतात.

३. अ‍ॅलिइन आणि अ‍ॅलिसिन यांत फरक काय?

अ‍ॅलिइन आधी असतं, अ‍ॅलिसिन नंतर बनतं. अख्ख्या, न दुखावलेल्या पाकळीत अ‍ॅलिसिन जवळपास नसतंच. पाकळी चिरली, ठेचली किंवा चावली की अ‍ॅलिइनपासून ते तयार होतं. अ‍ॅलिइन टिकाऊ आणि बिनवासाचं. अ‍ॅलिसिन उग्र, झोंबणारं आणि अस्थिर.

शोध मात्र उलट्या क्रमाने लागले. अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी १९४४ मध्ये अ‍ॅलिसिन वेगळं केलं आणि त्याचा जिवाणूरोधक गुण दाखवला. पाठोपाठ कॅव्हॅलिटो आणि सहकाऱ्यांनी एक फार देखणा प्रयोग केला. गोठवलेल्या पाकळ्या अ‍ॅसिटोनमध्ये वाटून त्यांनी पांढरी भुकटी मिळवली. तिला वास नव्हता. तिच्यावर थोडं पाणी टाकताच लसणाचा दर्प उठला. तीच भुकटी आधी अल्कोहोलमध्ये उकळली, तर मात्र पाणी घालूनही काही होईना. आणि त्यात न उकळलेल्या भुकटीची चिमूट मिसळली की पुन्हा वास. म्हणजे इथे दोन गोष्टी आहेत, एक उष्णतेने बिघडणारी आणि एक न बिघडणारी, हे उघड झालं. न बिघडणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅलिइन. ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सँडोझ या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर स्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी १९४७-४८ च्या सुमारास शुद्ध रूपात मिळवलं.

४. मग अख्ख्या पाकळीला वास का येत नाही? प्रश्न ३ मधल्या त्या दोन्ही गोष्टी आतच असतात ना?

आतच असतात, पण वेगवेगळ्या खोल्यांत. अ‍ॅलिइन साठवणीच्या पेशींच्या पेशीद्रवात असतं. त्याला तोडणारं एन्झाइम, म्हणजे विकर, अ‍ॅलिइनेज या नावाने ओळखलं जातं. ते रसवाहिन्यांभोवतीच्या पेशींच्या रिक्तिकांत, पाण्याने भरलेल्या पिशव्यांत, कोंडलेलं असतं. पाकळी शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही.

विकराचा साठा थोडाथोडका नसतो. पाकळीतल्या एकूण प्रथिनांचा निदान दहावा हिस्सा हे एकच विकर असतं. सोललेली, कुठेही न खरचटलेली पाकळी हुंगून पाहा, वास अगदी पुसट येतो. आता तिच्यात नख रुतवा. नखाच्या खाचेत रस चमकतो आणि दोनतीन श्वासांत दर्प नाकात भरतो. तो वास तुम्ही नख रुतवल्यानंतर बनला आहे, आधीपासून आत दडून बसलेला नव्हता. हे एकदा स्वतः करून पाहिलं की या पानावरची निम्मी उत्तरं आपोआप सुचतात.

५. चिरल्यावर रासायनिकदृष्ट्या काय घडतं, आणि किती वेळात?

अ‍ॅलिइनेज अ‍ॅलिइनमधला कार्बन-गंधक बंध तोडतं. या कामात त्याला जीवनसत्त्व बी-६ पासून बनणारा एक सहकारी रेणू लागतो. तुटल्यावर एका बाजूला अलिल सल्फेनिक आम्ल पडतं. दुसऱ्या बाजूच्या तुकड्याचं पायरुव्हिक आम्ल आणि अमोनिया होतं. सल्फेनिक आम्ल एकटं टिकत नाही. त्याचे दोन रेणू लगेच एकमेकांना जोडले जातात, पाण्याचा एक रेणू सुटतो आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. नीट ठेचलेल्या लसणात हे सगळं मिनिटभरात उरकतं.

अ‍ॅलिसिनही शेवटचा टप्पा नाही. त्याचे पुढे डायअलिल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड असे टिकाऊ गंधकी पदार्थ होतात. तेलात ठेवलं तर अजोईन आणि व्हिनाइलडायथाइन बनतात. जिभेला बसणारा चटका मुख्यतः अ‍ॅलिसिनचा. मोहरीचा झणका मेंदूला कळवणारे जे मज्जातंतूंचे ग्राहक आहेत, त्यांनाच ते चेतवतं.

६. एका पाकळीतून किती अ‍ॅलिसिन मिळू शकतं?

ताज्या लसणात अ‍ॅलिइन साधारणपणे वजनाच्या अर्धा ते एक टक्का असतं. वाण, माती आणि साठवण यांनुसार ते बदलतं. हिशेब सोपा आहे. अ‍ॅलिइनचे दोन रेणू मिळून अ‍ॅलिसिनचा एक होतो. अ‍ॅलिइनचा रेणुभार १७७, अ‍ॅलिसिनचा १६२. म्हणजे ३५४ ग्रॅम अ‍ॅलिइनमधून फार तर १६२ ग्रॅम अ‍ॅलिसिन, किंवा १ मिलिग्रॅममधून ०.४६ मिलिग्रॅम. चार ग्रॅमच्या पाकळीत एक टक्का, म्हणजे ४० मिलिग्रॅम अ‍ॅलिइन धरलं, तर अ‍ॅलिसिनची कमाल मर्यादा १८ मिलिग्रॅमच्या आसपास येते. एका पाकळीत शेकडो मिलिग्रॅम अ‍ॅलिसिन असल्याचा दावा कुठे वाचलात, तर हा हिशेब त्याच्या शेजारी मांडा.

७. शिजवल्यावर अ‍ॅलिइन नष्ट होतं का?

उष्णतेने आधी विकर मरतं. अ‍ॅलिइन त्या मानाने चिवट आहे. अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात टाकली तर विकर आतल्या आत निकामी होतं आणि अ‍ॅलिइन तसंच राहतं, वापराविना. अशी पाकळी नंतर कितीही कुस्करली तरी तो तिखट दर्प येत नाही. उकडलेला किंवा अख्खा भाजलेला लसूण गोडसर आणि मऊ लागतो, त्याचं कारण हेच.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ठेचायचं, थोडं थांबायचं, मग आच दाखवायची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न ठेचलेला लसूण मायक्रोवेव्हमध्ये ६० सेकंद किंवा ओव्हनमध्ये ४५ मिनिटं तापवल्यावर त्याचा प्राण्यांमध्ये तपासलेला संरक्षक परिणाम गेला. ठेचून १० मिनिटं ठेवल्यावर मायक्रोवेव्हमध्ये तापवला, तर तो पूर्णपणे गेला नाही. ‘दहा मिनिटं थांबा’ हा सल्ला बहुतेक ठिकाणी इथून आला आहे. विकराचं काम मिनिटभरातच होतं (प्रश्न ५), त्यामुळे जाडसर चिरलेला नसेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबण्यात काही मिळत नाही.

८. म्हणजे अख्खा शिजवलेला लसूण वायाच गेला का?

नाही, आणि हे माझ्यासाठीही नवं होतं. अ‍ॅलिसिन पोटात गेल्यावर त्याचा माग काढायचा तर श्वासातून बाहेर पडणारं अलिल मिथाइल सल्फाइड मोजतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने कच्च्या लसणाशी तुलना केली, तेव्हा उकडलेल्या लसणाला सुमारे १६ टक्के आणि भाजलेल्याला सुमारे ३० टक्के समतुल्यता मिळाली. विकर मेलेलं असूनही शरीर अ‍ॅलिइनच्या काही भागाचं त्याच वाटेवरचं रूपांतर करतं. कच्च्याच्या तुलनेत कमी, पण शून्य नक्कीच नाही.

९. ठेचलेल्या लसणावर लिंबू किंवा व्हिनेगर घातलं तर?

आधी घातलं की नंतर, यावर सगळं अवलंबून आहे. अ‍ॅलिइनेजला जवळपास उदासीन वातावरण मानवतं, सामू ३.५ च्या खाली गेला की ते कायमचं निकामी होतं. लसूण थेट आंबट रसात चिरला तर दर्प सौम्य राहतो. आधी ठेचून मिनिटभराने रस घातला तर अ‍ॅलिसिन तोवर बनून गेलेलं असतं. लसूण सौम्य हवा की झणझणीत, हे याच क्रमाने ठरवता येतं.

१०. वाळवलेल्या लसणाच्या पावडरीत अ‍ॅलिइन असतं का?

कमी तापमानाला नीट वाळवलेली असेल तर असतं, आणि विकरही झोपल्यासारखं शाबूत असतं. पाणी लागलं की दोघं कामाला लागतात. युरोपियन फार्माकोपिया या औषधांच्या प्रमाणग्रंथाने औषधी लसूण पावडरीसाठी किमान ०.४५ टक्के अ‍ॅलिसिन देण्याची अट घातली आहे, ती ही क्षमता मोजूनच. फार तापवून वाळवलेली पावडर पाण्यात कालवल्यावर मंद वासाची राहते. वाफेने काढलेल्या लसणाच्या तेलात मात्र अ‍ॅलिइन अजिबात नसतं. ते पाण्यात विरघळणारं आहे आणि वाफेबरोबर येत नाही.

११. ठेचलेला लसूण हिरवा-निळा पडला. खराब झाला का?

खराब झालेला नाही, खाता येतो. हा रंग अ‍ॅलिइनच्या जुळ्या भावंडाचा, आयसोअ‍ॅलिइनचा. दोघांचे अणू तेच आणि तितकेच; फक्त शेपटीतला दुहेरी बंध एक घर सरकलेला. लसूण थंडीत बराच काळ साठवला की पाकळी कोंब फुटण्याच्या तयारीला लागते आणि तिच्यातलं आयसोअ‍ॅलिइन वाढतं. अशी पाकळी ठेचली की त्यातून बनणारे गंधकी पदार्थ सुट्या अमिनो आम्लांशी जुळून पायरोल नावाची वलयं बनवतात, आणि ती वलयं एकमेकांना जोडली गेली की निळे-हिरवे रंगकण दिसतात. थोडा आंबटपणा याला मदत करतो, म्हणून आंबट द्रावणात मुरवलेल्या लसणात हे जास्त दिसतं. ताज्या काढणीचा लसूण सहसा असा रंग धरत नाही. बुरशीचा रंग वेगळा कळतो: ती वर केसाळ वाढते आणि कुबट वास येतो.

१२. कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं, लसणानं का नाही?

कांद्याचा मुख्य साठा अ‍ॅलिइनचा नसून आयसोअ‍ॅलिइनचा आहे (प्रश्न ११). विकराने ते तोडल्यावर जे सल्फेनिक आम्ल सुटतं, त्यावर कांद्यात आणखी एक विकर टपून बसलेलं असतं. ते त्याचं प्रोपेनथायल एस-ऑक्साइड बनवतं. हा पदार्थ हवेत उडतो, डोळ्यांच्या ओलाव्यात विरघळतो आणि चुरचुर सुरू होते. हे दुसरं विकर २००२ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखलं. तोपर्यंत हा पदार्थ आपोआप बनतो असंच मानलं जात होतं. २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये या विकराचं जनुक गप्प करून अश्रू न आणणारा कांदा तयार करून दाखवला गेला. लसणात हे दुसरं विकर नाही, म्हणून नाक झोंबतं पण डोळे भरत नाहीत.

कांद्याचा तिखटपणा मोजायचा असेल तर प्रयोगशाळेत पायरुव्हिक आम्ल मोजतात. प्रश्न ५ मध्ये आलेला तो ‘दुसऱ्या बाजूचा तुकडा’ इथे कामी येतो: जितका तो जास्त, तितकं विकराने काम केलेलं.

१३. लसूण-कांदा सोडून आणखी कुठे अशी संयुगं असतात?

सिस्टीन सल्फॉक्साइड हे मोठं कुटुंब आहे आणि शेपटी बदलली की सदस्य बदलतो. मिथाइल शेपटीचं मेथिइन लसूण-कांद्यात असतं, तसंच कोबी, फुलकोबी, ब्रोकोलीतही असतं. कोबी शिजवताना येणाऱ्या वासात त्याचा वाटा आहे. पेटिव्हेरिया या अमेरिकी उष्ण प्रदेशातल्या झुडपात बेंझाइल शेपटीचा प्रकार सापडतो. लसणाशी त्याचं नातं नाही, तरी पानं चुरगळली की लसणासारखा दर्प येतो. शिताके या अळिंबीतही याच साच्यातला एक रेणू आहे, आणि अळिंबी तर वनस्पतीही नव्हे.

मोठाल्या पाकळ्यांचा ‘एलिफंट गार्लिक’ दिसायला लसूण असला तरी लीक या कांद्याच्या कुळातल्या भाजीच्या जातीचा आहे. त्यात अ‍ॅलिइन कमी असतं, म्हणून चवीला तो मवाळ.

१४. झाड अ‍ॅलिइन बनवतं कसं?

सुरुवात मातीतल्या सल्फेटपासून होते. मुळं ते शोषतात, पानांत त्याचं सिस्टीन आणि पुढे ग्लुटाथायोन, म्हणजे सिस्टीनसह तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनतं. त्याच्या गंधकाला शेपटी जोडली जाते, नको असलेले तुकडे एकेक करून काढले जातात आणि शेवटी एक विकर गंधकावर ऑक्सिजन बसवतं. पानांतून हा माल गड्ड्यात उतरतो. जमिनीत गंधक कमी असेल तर लसूण-कांदा मवाळ होतो, गंधकाचं खत दिलं तर उग्रपणा वाढतो. गड्ड्यात काही साठा ग्लुटामिल नावाचा तुकडा जोडलेल्या रूपात बाजूला राखलेला असतो. कोंब फुटायच्या वेळी तो मोकळा होतो.

१५. हे झाडाला स्वतःला कशासाठी लागतं? आणि त्याचा तोटा कधी होतो का?

गंधक आणि नायट्रोजनची साठवण हा एक उपयोग, पण मुख्य काम राखणीचं. कुरतडणारा किडा किंवा घुसणारी बुरशी पेशी फोडते आणि त्या क्षणी तिच्या तोंडावर अ‍ॅलिसिन उडतं. अ‍ॅलिसिन प्रथिनांतल्या गंधकाच्या टोकांना चिकटतं, त्यामुळे हल्लेखोराची अनेक विकरं एकदम बंद पडतात. विकराचा साठा रसवाहिन्यांभोवतीच असतो, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. रस प्यायला येणारा तिथेच येणार.

तोटाही आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. पांढऱ्या कुजेचा रोग करणारी स्क्लेरोशियम सेपिव्होरम ही बुरशी काळ्या दाण्यांच्या रूपात जमिनीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहते. लसूण-कांद्याच्या मुळांतून हीच सिस्टीन सल्फॉक्साइडं थोडी पाझरतात, मातीतले जिवाणू त्यांचे वासाचे गंधकी पदार्थ करतात, आणि तो वास लागताच बुरशी जागी होऊन मुळांवर तुटून पडते. ज्या रसायनाने झाड स्वतःला राखतं, त्याच रसायनाने शत्रूला पत्ता कळतो. यावरून संशोधकांनी उलटा डाव शोधला: पीक नसताना जमिनीत डायअलिल डायसल्फाइड सोडायचं, बुरशी फसून उगवते आणि यजमान न मिळाल्याने मरते.

१६. लसूण खाल्ल्यावर दात घासले तरी तोंडाला वास येतो. का?

कारण थोड्या वेळाने तो तोंडातून येत नसतो. अ‍ॅलिसिनपासून शरीरात अलिल मिथाइल सल्फाइड बनतं. ते रक्तात जातं आणि फुप्फुसांवाटे तासन्‌तास बाहेर पडत राहतं. दात घासून रक्त धुतलं जात नाही. लसणाबरोबर किंवा लगेच नंतर कच्चं सफरचंद, पुदिना, लेट्यूस किंवा दूध घेतलं तर वास कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. बऱ्याच वेळाने घेतलं तर उपयोग कमी.

१७. लसूण खाल्ल्यावर पोट फुगतं ते गंधकामुळे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. पोट फुगवतात ती लसणातली फ्रक्टान नावाची साखरसाखळी, जी आपल्या आतड्यात पचत नाही आणि जिवाणू आंबवतात. गंधकाचा संबंध वासाशी आहे, फुगण्याशी नाही.

१८. गोळ्यांच्या लेबलवर काय पाहायचं?

‘अ‍ॅलिइन इतकं’ आणि ‘अ‍ॅलिसिन देण्याची क्षमता इतकी’ हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला फक्त कच्चा माल सांगतो; विकर जिवंत नसेल तर त्यातून फारसं बनत नाही. दुसरा आकडा अधिक कामाचा. त्यातही तो कुठल्या परिस्थितीत मोजला ते पाहा, कारण जठरातल्या आम्लात विकर मरतं (प्रश्न ९). म्हणूनच काही गोळ्यांवर जठरात न विरघळणारं आवरण असतं. तयार अ‍ॅलिसिन भरलेली गोळी म्हटली की मला शंका येते. ते इतकं अस्थिर आहे की साठवणीत टिकवणं अवघड.

१९. काळ्या लसणात आणि मुरवलेल्या अर्कात अ‍ॅलिइन असतं का?

फार थोडं. काळा लसूण उबेत आणि ओलाव्यात ठेवून करतात, अर्क द्रावात मुरवून. आठवडे किंवा महिने चाललेल्या या प्रक्रियेत त्याचा बहुतेक साठा संपतो आणि एस-अलिल सिस्टीन पुढे येतं. अ‍ॅलिइनवरचा ऑक्सिजन काढला की जे उरेल, ते हे. ते टिकाऊ आहे, जवळपास बिनवासाचं आहे आणि आतड्यातून चांगलं शोषलं जातं. ताज्या लसणावरच्या अभ्यासाचे निष्कर्ष काळ्या लसणाला लावू नयेत, उलटही करू नये. दोन्हींत खाल्ले जाणारे रेणू वेगळे आहेत.

२०. अ‍ॅलिइनमुळे कोलेस्टेरॉल उतरतं का?

कच्च्या लसणावरचा एक काटेकोर प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मध्यम वाढलेल्या १९२ प्रौढांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कच्चा लसूण, पावडरीच्या गोळ्या, मुरवलेला अर्क किंवा नुसतं भासऔषध दिलं. एकाही गटात एलडीएल लक्षणीय उतरलं नाही. काही इतर अभ्यासांची एकत्रित विश्लेषणं थोडी घट दाखवतात. माझं स्पष्ट मत: डॉक्टरांनी दिलेलं कोलेस्टेरॉलचं औषध लसणाच्या भरवशावर बंद करू नका.

२१. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे. लसूण चालेल का?

जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाबद्दल सहसा चिंता नसते. गोळ्या, अर्क किंवा रोज बऱ्याच कच्च्या पाकळ्या ही वेगळी गोष्ट आहे. अजोईनसारखे पदार्थ रक्तबिंबिकांचं एकत्र चिकटणं कमी करतात, त्यामुळे वॉरफरिनसारख्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसणाच्या गोळ्या घेत असल्याचं आधीच सांगा. साधारण आठवडाभर आधी त्या थांबवायला सांगतात. एचआयव्हीवरचं सॅक्विनाव्हिर हे औषध घेतानाही जपायला हवं: एका अभ्यासात लसणाच्या गोळ्यांनी त्याची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर आणली होती.

२२. कच्चा लसूण वाटून त्वचेवर बांधला तर?

कृपया बांधू नका. प्रश्न १५ मध्ये बुरशीच्या प्रथिनांचं जे होतं, ते आपल्या त्वचेच्या प्रथिनांचंही होतं. काही तास बांधून ठेवलेल्या लसणाने फोड येऊन खरोखरची रासायनिक भाजणी झाल्याची अनेक उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि त्यांत लहान मुलंही आहेत.

२३. लसूण तेलात घालून बाहेर ठेवला तर चालतो का? अ‍ॅलिसिन जंतू मारतं ना?

चालत नाही. इथे अ‍ॅलिसिनवर विसंबणं जीवावर बेतू शकतं. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणावर मातीतून आलेले बोटुलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, बीजाणू असू शकतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोटुलिझम झाला. घरी केलेलं असं तेल फ्रिजमध्ये ठेवा आणि काही दिवसांतच संपवा. त्याला वास किंवा रंग बदलून धोक्याची खूण मिळेलच असं नाही.

२४. मला सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे. लसूणही टाळू का?

केवळ त्या कारणासाठी नको. सल्फा औषधं म्हणजे सल्फोनामाइड. त्यांतल्या गंधकाची मांडणी अ‍ॅलिइनपेक्षा पूर्ण वेगळी आहे, आणि अ‍ॅलर्जी मांडणीला होते. गंधक या मूलद्रव्याला नाही. ते तर आपल्या जवळपास प्रत्येक प्रथिनात, केसांत, नखांत आहे. खाद्यपदार्थ टिकवायला वापरलं जाणारं सल्फाइट हाही तिसराच प्रकार. लसणाची स्वतंत्र अ‍ॅलर्जी मात्र असते. तिच्यात शरीर ज्यावर चिडतं ते बऱ्याचदा अ‍ॅलिइनेज हे प्रथिनच असतं. आणि रोज लसूण सोलणाऱ्यांच्या बोटांना होणारा इसब डायअलिल डायसल्फाइडमुळे होतो.

२५. कुत्र्या-मांजरांना लसूण देऊ नये म्हणतात. आपल्याला चालतो तर त्यांना का नाही?

त्यांच्या तांबड्या पेशी या गंधकी पदार्थांपुढे फार नाजूक आहेत. हिमोग्लोबिन बिघडून पेशीत गाठी धरतात आणि पेशी फुटतात. त्यातून रक्तक्षय होतो, आणि तो दिसायला काही दिवस लागतात. कांदा अधिक घातक, लसूणही सुरक्षित नाही, आणि शिजवल्याने धोका जात नाही. मांजरं कुत्र्यांपेक्षाही संवेदनशील.

गुरांच्या बाबतीत असाच आजार कोबीवर्गातला चारा एकसारखा दिल्याने होतो. तिथे दोष मेथिइनचा (प्रश्न १३): रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू त्याचं डायमिथाइल डायसल्फाइड करतात आणि ते तांबड्या पेशी फोडतं. विकर झाडातच असलं पाहिजे असं नाही, जिवाणूंकडेही ते काम करणारी विकरं असतात. प्रश्न ८ मधलं कोडं सोडवतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

२६. प्रयोगशाळेत बनवलेलं अ‍ॅलिइन नैसर्गिक अ‍ॅलिइनसारखंच असतं का?

तेवढं सरळ नाही. एस-अलिल सिस्टीनवर ऑक्सिजन बसवला की अ‍ॅलिइन बनतं, पण गंधकावर तो दोन बाजूंनी बसू शकतो. गंधकापुरती डाव्या आणि उजव्या हाताच्या मोज्यांसारखी दोन रूपं होतात. प्रयोगशाळेत सहसा दोन्हींचं मिश्रण मिळतं. लसूण एकच रूप बनवतो, आणि त्याचं विकरही त्याच रूपावर जास्त वेगाने चालतं. कार्बन आणि गंधक अशा दोन्ही अणूंवर अशी ठरावीक ठेवण असलेला निसर्गातला पहिला माहीत झालेला रेणू अ‍ॅलिइनच होता. शुद्ध अ‍ॅलिइन विकत घेऊन प्रयोग करणार असाल, तर कुपीवर मिश्रण आहे की एकच रूप, हे आधी वाचा. मिश्रण असेल तर विकर घातल्यावर त्यातला बराचसा भाग मागे रेंगाळताना दिसेल.